डोक्याला मुका मार लागल्यावर : कन्कशन ओळखण्यापासून पूर्ववत कामाला लागेपर्यंत

अपघातानंतर काढलेला सीटी स्कॅन नॉर्मल आला, की रुग्णासकट सगळ्या घराचा जीव भांड्यात पडतो. ते योग्यही आहे, कारण त्या घडीला डॉक्टरांना मुख्य धास्ती असते ती कवटीच्या आत होणाऱ्या रक्तस्रावाची, आणि ती बहुतांशी मिटलेली असते. खरी पंचाईत मात्र पुष्कळदा त्यानंतर सुरू होते. चार-पाच दिवसांनी हाच माणूस दोघे जण एकदम बोलू लागले की वैतागतो, मोबाइलवरचा साधा संदेश तीनदा वाचूनही त्याला अर्थ लागत नाही, दुपारी बारालाच तो गळून आडवा होतो. अंगावर दाखवायला खरचटलेलेही फारसे नसल्यामुळे, ‘रिपोर्ट तर चांगले आहेत, मग आता काय होतंय?’ हा प्रश्न त्याला आधी घरातून, मग कार्यालयातून आणि शेवटी स्वतःच्याच मनातून ऐकू येऊ लागतो. धक्क्यामुळे मेंदूच्या कामात होणाऱ्या, स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या या तात्पुरत्या बिघाडाला कन्कशन म्हणतात. स्कॅन कोरा असणे आणि मेंदूला काही झालेले नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे ध्यानात घेतले तरी पुढचे बरेच निर्णय सोपे होतात. हा लेख त्या निर्णयांच्या क्रमाने लिहिला आहे. डॉक्टरांच्या तपासणीला तो पर्याय नव्हे; तपासणीच्या आधी आणि नंतर घरच्यांच्या हातात जे असते, ते नीट व्हावे यासाठी तो आहे.

आत नेमके काय घडते

मेंदू कवटीच्या आत द्रवाने वेढलेला असतो. वेगात असलेले डोके एकाएकी थांबले किंवा झटक्याने फिरले, की कवटी थांबते पण मेंदू क्षणभर हलत राहतो. त्यातही सरळ धक्क्यापेक्षा पीळ पडल्यासारखी फिरकी अधिक घातक ठरते, कारण तिच्यामुळे चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. म्हणूनच डोके कशावरही न आपटता, केवळ मागून गाडी आदळल्यामुळे मान जोरात मागे-पुढे झाली तरी कन्कशन होऊ शकते. हेल्मेटमुळे कवटी फुटण्याचा आणि जीवघेण्या इजेचा धोका बराच कमी होतो; पण आतल्या मेंदूचे हलणे हेल्मेट पूर्णपणे थांबवू शकत नाही. ‘हेल्मेट होतं ना, मग डोक्याला काही झालेलं नसणार’ हा तर्क त्यामुळे टिकत नाही.

तंतू ताणले गेले की पेशींच्या आवरणातून पोटॅशियम बाहेर झिरपते आणि कॅल्शियम आत शिरते. ही घडी पुन्हा बसवण्यासाठी पेशींना एरवीपेक्षा जास्त ग्लुकोज लागते, आणि नेमक्या त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा घटलेला असतो. मिळकत कमी झालेल्या महिन्यातच घरात मोठा खर्च निघावा, तशी ही अवस्था असते. ती काही दिवस, क्वचित काही आठवडे टिकते, आणि त्या काळात नेहमीच्या कामांनाही मेंदू पुरा पडत नाही. हा गोंधळ रासायनिक आणि कार्याच्या पातळीवरचा असल्यामुळे सीटी स्कॅनमध्ये दिसत नाही. सीटीला दिसते ते मोडलेले हाड, साकळलेले रक्त आणि सूज.

बेशुद्धीबद्दलचा समज इथेच दूर केलेला बरा. कन्कशन झालेल्या दहा जणांपैकी जेमतेम एखाद्याचीच शुद्ध हरपते. बाकीचे उठून उभे राहतात, बोलतात, कित्येकदा स्वतःच्या पायाने चालत घरी जातात. तेव्हा ‘बेशुद्ध पडला नव्हता’ हे वाक्य धीर द्यायला ठीक आहे, निदानासाठी त्याचा फारसा उपयोग नाही.

पहिली पायरी : अपघाताच्या जागी

सर्वांत आधी श्वास आणि मान. जखमी माणूस बेशुद्ध असेल, त्याची मान दुखत असेल, किंवा हातापायांना मुंग्या येत असतील, बधिरपणा जाणवत असेल, तर मणक्याला इजा झाली आहे असेच धरून चालावे आणि वाहनांच्या रहदारीसारखा दुसरा धोका नसेल तर त्याला उचलून बसवू नये. श्वासाला अडथळा नसेल तर हेल्मेट ओढून काढण्याची घाईही करू नये; ते काम दोन जाणकार माणसांनी मान स्थिर धरून करायचे असते. झापड येत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतण्याची आपली जुनी सवय तर सोडूनच द्यावी, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते.

माणूस शुद्धीवर असेल तर त्याच्याशी बोलावे, आणि बोलता बोलता पाहावे. काय झाले, आपण आता कुठे आहोत, कुठे निघाला होतात, असे साधे प्रश्न विचारावेत. कन्कशन झालेला माणूस पुष्कळदा अगदी व्यवस्थित वाक्यात विचारतो, ‘दादा, माझी गाडी कुठे आहे?’ गाडी बाजूला लावली आहे असे सांगितले की मान डोलावतो, आभार मानतो, आणि दोन मिनिटांनी त्याच सुरात पुन्हा विचारतो, ‘दादा, माझी गाडी कुठे आहे?’ नवी आठवण तयार करण्याचे काम थांबल्याची ही खूण आहे. बोलणे स्पष्ट आहे म्हणून डोके जागेवर आहे असे त्या वेळी समजू नये, आणि त्याने कितीही आग्रह केला तरी त्याला गाडी चालवत घरी जाऊ देऊ नये.

याच वेळी एक छोटे काम केले तर पुढे त्याची मोठी मदत होते. अपघात किती वाजता व कसा झाला, डोके कशावर आपटले, शुद्ध हरपली असल्यास अंदाजे किती वेळ, उलट्या किती झाल्या, झटका आला होता का, आणि अपघातापूर्वीची शेवटची व नंतरची पहिली आठवण कोणती, एवढे मोबाइलमध्ये लिहून ठेवावे. डॉक्टर नेमके हेच विचारतात, आणि जखमी माणसाला नेमके हेच सांगता येत नाही.

दुसरी पायरी : कोणती लक्षणे थांबू देत नाहीत

डोक्याला मार लागल्यावर डॉक्टरांना दाखवणे केव्हाही चांगलेच, परंतु पुढीलपैकी एकही लक्षण दिसले तर वेळ न दवडता थेट आपत्कालीन विभाग गाठावा, मग अपघात होऊन एक तास झालेला असो वा दोन दिवस :

- वाढतच जाणारी, नेहमीच्या गोळीला न जुमानणारी डोकेदुखी
- दोन किंवा अधिक वेळा उलटी
- झटका, आकडी
- जागे करूनही नीट जागे न होणे, वाढती गुंगी
- एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, दोन-दोन दिसणे
- बोबडी वळणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव अथवा रक्त येणे, कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळे-निळे पडणे
- ओळखीच्या माणसांना न ओळखणे, वाढती अस्वस्थता किंवा स्वभावाला न शोभणारे वागणे

कानामागचा काळा-निळा डाग आणि नाकातून येणारे स्वच्छ पाणी ही कवटीच्या तळाचे हाड मोडल्याची लक्षणे असतात. त्यांतला डाग अनेकदा एक-दोन दिवसांनी उमटतो आणि ते पाणी सर्दीचे समजले जाते, म्हणून त्यांचा मुद्दाम उल्लेख केला.

रुग्णालयात गेल्यावर रुग्ण कितपत शुद्धीवर आहे हे मोजण्यासाठी डॉक्टर ग्लासगो कोमा स्केलवर गुण देतात. ही पद्धत ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे तिचे कमाल १५ गुण होतात, आणि १३ ते १५ गुणांची इजा ‘सौम्य’ धरली जाते. हा ‘सौम्य’ शब्द जीवाच्या धोक्याच्या हिशेबातला आहे. रुग्णाला पुढे किती त्रास होईल याचे माप त्यात नाही. केसपेपरवर तो वाचून नातेवाईक निर्धास्त होतात, आणि माझ्या मते पुढच्या निम्म्या गैरसमजांचे मूळ तिथे असते.

प्रत्येकालाच सीटी स्कॅनची गरज नसते, आणि डॉक्टरांनी तो सांगितला नाही म्हणजे त्यांनी दुर्लक्ष केले असे नव्हे. २००१ मध्ये कॅनडात तयार झालेली नियमावली त्यासाठी जगभर वापरली जाते. शुद्ध हरपलेल्या, गोंधळलेल्या किंवा आठवण गेलेल्या प्रौढ रुग्णाला दोन तासांनंतरही पूर्ण १५ गुण नसणे, कवटी मोडल्याची शंका, दोन किंवा अधिक उलट्या, वय ६५ किंवा त्याहून जास्त, अपघातापूर्वीच्या अर्ध्या तासाची किंवा त्याहून अधिक काळाची आठवण पुसली जाणे, आणि वाहनाने पादचाऱ्याला उडवणे किंवा माणूस वाहनाबाहेर फेकला जाणे यांसारखा जबर अपघात, हे तिच्यातले निकष आहेत. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे रुग्ण या नियमावलीच्या बाहेर ठेवलेले आहेत, कारण त्यांच्यात रक्तस्रावाची शक्यता मुळातच जास्त असते. त्यांनी कोणत्या गोळ्या चालू आहेत हे पोहोचताच सांगावे.

मुलांचे निकष वेगळे आहेत, कारण किरणोत्साराचा परिणाम लहान वयात जास्त होतो. दोन वर्षांखालच्या बाळाच्या बाबतीत कपाळ सोडून डोक्यावर अन्यत्र आलेले टेंगूळ आणि ‘हे बाळ नेहमीसारखं वागत नाही’ हे आईवडिलांचे म्हणणे, या दोन्ही गोष्टींना तिथे रीतसर स्थान आहे. तेव्हा तसे वाटत असेल तर संकोच न करता तेच शब्द डॉक्टरांना सांगावेत.

तिसरी पायरी : पहिले ४८ तास

घरी सोडल्यानंतरचा पहिला दिवस-रात्र रुग्णाजवळ एक जबाबदार माणूस हवाच. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठू लागले, तर सुरुवातीला काही काळ रुग्ण अगदी ठीक दिसतो, हसतो-बोलतो, आणि नंतर झपाट्याने बेशुद्धीकडे जातो. सोबतीची गरज आहे ती या शक्यतेसाठी. वर दिलेली यादी त्या माणसाच्या डोळ्यांसमोर असावी, आणि रुग्णालयात कसे पोहोचायचे हे आधीच ठरलेले असावे.

‘डोक्याला मार लागलाय, झोपू देऊ नका’ असे वडीलधारे अजूनही सांगतात. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवले असेल आणि रुग्ण नीट बोलत असेल तर त्याला झोपू द्यावे. मेंदूला झोपच हवी असते. दर तासाला उठवणे सरसकट गरजेचे नाही. डॉक्टरांनी उठवायला सांगितले असेल तर मात्र ठरलेल्या वेळी पूर्ण जागे करून एखादा प्रश्न विचारावा आणि उत्तर सुसंगत येते का ते पाहावे. नुसते ‘हं’ पुरेसे नाही.

डोके दुखत असेल तर पॅरासिटॅमॉल, तेही ठरलेल्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि त्या जातीच्या गोळ्या पहिले दोन दिवस टाळाव्यात, कारण त्यांच्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन चालू असलेल्याने ती आपल्या मनाने बंद करू नये; त्याचा निर्णय डॉक्टरांकडूनच घ्यावा. झोपेच्या गोळ्या आणि मद्य पूर्ण वर्ज्य, कारण त्यांची गुंगी आणि मेंदूतल्या रक्तस्रावाची गुंगी यांत घरच्या माणसाला फरक करता येत नाही. किमान २४ तास कोणतेही वाहन चालवू नये, आणि पैशांचे किंवा सह्यांचे व्यवहारही त्या दोन दिवसांत उरकू नयेत.

मोबाइल, टीव्ही आणि संगणक यांच्यापासून या दोन दिवसांत लांब राहण्याला आता ठोस आधार आहे. १२ ते २५ वयोगटातल्या रुग्णांचा एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी पहिले ४८ तास पडदा टाळला त्यांची लक्षणे साधारण साडेतीन दिवसांत ओसरली. ज्यांना मोकळीक होती त्यांना आठ दिवस लागले. तब्येतीची चौकशी करणाऱ्या नातेवाइकांच्या संदेशांना उत्तरे देण्याचे काम म्हणूनच घरातल्या दुसऱ्या कोणी तरी करावे.

लक्षणे उशिरा येऊ शकतात, हेही इथेच सांगायला हवे. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवरच्या कसोटीत जोफ्रा आर्चरचा चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तपासण्या झाल्या, त्यांत तो उत्तीर्ण झाला, पुन्हा फलंदाजीलाही उतरला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला लक्षणे जाणवू लागली, आणि त्याच महिन्यापासून लागू झालेल्या नियमानुसार मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधला पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. डॉक्टरांचे पथक शेजारी असलेल्या खेळाडूच्या बाबतीत हे घडते. रस्त्यावरच्या अपघातातून उठून ‘मला काही झालेलं नाही’ म्हणणाऱ्याच्या बाबतीत ते घडण्यात नवल नाही.

चौथी पायरी : लक्षणांची वही

कन्कशनची लक्षणे विखुरलेली असतात, आणि ती एकत्र पाहिली नाहीत तर प्रत्येकासाठी वेगळे कारण शोधले जाते. डोकेदुखी, चक्कर, मळमळ, उजेड आणि आवाज सहन न होणे ही सहज ओळखू येणारी. लक्ष न लागणे, विसरणे, विचारलेल्याचे उत्तर द्यायला वेळ लागणे, ही कामाच्या ठिकाणी उघडी पडतात. चिडचिड, रडू येणे, विनाकारण धास्ती वाटणे या गोष्टी स्वभावाच्या खात्यावर मांडल्या जातात. झोप सुरुवातीला जास्त येते आणि पुढे नेमकी रात्रीच उडते.

रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी पाच मिनिटे देऊन हे सगळे लिहून ठेवावे. डॉक्टर वापरतात त्या रिव्हरमीड प्रश्नावलीत अशी १६ लक्षणे आहेत आणि प्रत्येकाला शून्य ते चार गुण दिले जातात. घरगुती वहीसाठी तीच पद्धत चालते. शून्य म्हणजे त्रास नाही, चार म्हणजे फार त्रास. शेजारी त्या दिवशी काय काय केले ते लिहावे. आठवड्याभराने वही चाळली की नुसत्या आठवणीने न कळलेल्या गोष्टी दिसतात : बाजारात गेलेल्या दिवशी चक्कर वाढते, पण अर्धा तास चालल्याने वाढत नाही, सकाळचे वाचन झेपते, संध्याकाळचे नाही. शक्य असेल तर घरातल्या एका माणसाने आपले निरीक्षणही त्यात वेगळे लिहावे, कारण चिडचिड ज्याची असते त्याला ती सहसा दिसत नाही.

वही दिवसातून एकदाच उघडायची. तासातासाला डोके दुखते का म्हणून चाचपत राहिले, तर ते दुखतेच.

पाचवी पायरी : विश्रांती किती, हालचाल किती

पूर्वीचा सल्ला साधा होता : लक्षणे पूर्ण जाईपर्यंत अंधाऱ्या खोलीत पडून राहा. तो आता मागे पडला आहे. ११ ते २२ वर्षांच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पाच दिवस कडक विश्रांती घेणाऱ्यांनी एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू कामाला लागलेल्यांपेक्षा जास्त लक्षणे नोंदवली. पडून राहिल्याने झोपेचे चक्र बिघडते, स्नायू ढिले पडतात, आणि छताकडे पाहत काळजी करण्याखेरीज दुसरा उद्योग उरत नाही. उलट, तिसऱ्या दिवशी पूर्ण वेळ कामावर हजर होणाराही संध्याकाळपर्यंत पार कोलमडतो.

सध्याचा सल्ला या दोहोंच्या मधला आहे. पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती, म्हणजे घरातल्या घरात फिरणे, स्वतःचे आवरणे, थोडे बोलणे. त्यानंतर रोज सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालणे, आणि झेपेल तसे वाढवणे. थोडी लक्षणे असतानाही हे सुरू करता येते.

किती वाढवायचे, याचा एक चांगला निकष उपलब्ध आहे. काम सुरू करण्यापूर्वी आपल्या त्रासाला शून्य ते दहामध्ये आकडा द्यावा. काम करताना तो आकडा दोनपर्यंत वाढला आणि तासाभरात पूर्वपदावर आला, तर तेवढे काम मेंदूला झेपते. त्याहून जास्त वाढला, किंवा तासानंतरही उतरला नाही, तर तिथे थांबावे आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या अलीकडच्या पातळीवरून पुन्हा सुरुवात करावी. लक्षण वाढले म्हणजे मेंदूला नव्याने इजा झाली, असा याचा अर्थ नसतो. आजची मर्यादा कुठे आहे एवढेच त्यातून कळते. हा फरक कळल्यावर रुग्णाची निम्मी भीती जाते.

अमुक दिवशी बरे वाटले म्हणून आठवड्याची साचलेली सगळी कामे त्याच दिवशी उरकणे, ही यातली सर्वांत नेहमीची चूक. मग पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात, आणि हे चक्र महिनाभर चालते. बऱ्या दिवशीही ठरलेल्यापेक्षा फार जास्त करायचे नाही, हे पाळणे वाईट दिवशी पडून राहण्यापेक्षा कठीण असते.

सहावी पायरी : अभ्यास, नोकरी आणि गाडी

बहुतेक प्रौढ दोन आठवड्यांच्या आत बरे होतात. मुलांना आणि किशोरवयीनांना चार आठवड्यांपर्यंत लागू शकतात. पूर्वी कन्कशन झालेले असणे, अर्धशिशीचा किंवा चिंता-नैराश्याचा पूर्वेतिहास आणि पहिल्या काही दिवसांतच लक्षणांचा जोर जास्त असणे, यांमुळे हा काळ लांबतो.

घरी अर्धा-पाऊण तास सलग लक्ष देता येऊ लागले, की शाळा-महाविद्यालयात किंवा कामावर अर्धा दिवस जाऊन पाहावे. पूर्ण बरे वाटेपर्यंत थांबण्याची गरज नाही, पण सवलती मात्र आधीच मागून घ्याव्यात : दर अर्ध्या तासाने पाच-दहा मिनिटांचा विसावा, पडद्याचा प्रकाश कमी, एका वेळी एकच काम, सुरुवातीचे काही दिवस परीक्षा किंवा महत्त्वाच्या बैठका नकोत. वरिष्ठांशी बोलताना ‘बरं वाटत नाही’ असे मोघम सांगण्यापेक्षा, ‘दोन तास काम जमते, मग वीस मिनिटे थांबावे लागते, पुढच्या सोमवारी पुन्हा आढावा घेऊ’ असे नेमके सांगितलेले ऐकणाऱ्यालाही सोयीचे पडते. उंचीवरची कामे, यंत्रे आणि अवजड वाहने यांच्याशी संबंध असलेल्यांनी डॉक्टरांच्या लेखी संमतीशिवाय त्या कामावर परतू नये.

गाडीच्या बाबतीत डोकेदुखी थांबणे हा निकष पुरेसा नाही. मान दोन्हीकडे वेदनेशिवाय वळते का, वेगाने डोके फिरवल्यावर गरगरते का, गर्दीच्या रस्त्यावर शेजारी बसून जाताना समोरून येणाऱ्या वाहनांचा अंदाज वेळेत येतो का, हे आधी पाहावे. दुचाकीला तोल लागत असल्यामुळे तिची पाळी सर्वांत शेवटी. त्यात आणखी एक कारण आहे. मेंदू पूर्ववत होण्याआधी पुन्हा मार बसला तर दुसऱ्या धक्क्याचा जोर कमी असूनही त्रास जास्त काळ टिकतो, आणि क्वचित प्रसंगी, विशेषतः लहान वयात, मेंदूला जीवघेणी सूज येते.

खेळाडूंसाठी सहा टप्प्यांचा क्रम आहे : रोजच्या हालचाली, हलका ते मध्यम व्यायाम, डोक्याला मार बसण्याचा धोका नसलेला एकट्याचा सराव, संघासोबत पण टक्कर टाळून सराव, पूर्ण सराव आणि शेवटी सामना. प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यायचे, आणि चौथ्या टप्प्यात जाण्यापूर्वी लक्षणे पूर्ण गेलेली हवीत व डॉक्टरांची परवानगी हवी.

महिना उलटूनही त्रास असेल तर

चार आठवड्यांनंतरही लक्षणे रेंगाळत असतील, तर ‘वेळ लागेल’ एवढ्यावर समाधान मानू नये. या टप्प्यावर त्रासाचे कारण पुष्कळदा मेंदूतल्या मूळ गोंधळाच्या बाहेर सापडते, आणि त्यातल्या अनेक कारणांवर उपचार आहेत.

चक्करेचे उदाहरण घ्या. अंथरुणात कूस बदलताना किंवा वर पाहताना काही सेकंद सगळे गरगर फिरत असेल, तर अपघातात आतल्या कानातले कॅल्शियमचे कण जागचे हलल्याची दाट शक्यता असते. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञ डोके ठरावीक क्रमाने वळवून ते कण जागेवर आणतात. एप्ली या नावाने ओळखली जाणारी ही क्रिया काही मिनिटांची असते आणि कित्येकांना एक-दोन खेपांतच उतार पडतो. आठवडेच्या आठवडे चक्करेच्या गोळ्या खाऊनही जे जात नाही, ते असे जाते, म्हणून ही तपासणी मागून घ्यावी.

डोकेदुखी मानेतून सुरू होऊन डोक्याकडे चढत असेल, तर मानेचे स्नायू आणि सांधे तपासले पाहिजेत, कारण ज्या झटक्याने मेंदू हलला त्याच झटक्याने मानही लचकलेली असते. धडधड ठोके पडल्यासारखी, उजेड सहन न होणारी डोकेदुखी अर्धशिशीच्या वळणाची असते आणि तिची औषधे वेगळी असतात. तिसरी शक्यता सहज लक्षात येत नाही : डोकेदुखीच्या गोळ्यांमुळेच होणारी डोकेदुखी. साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या तर ती जडते. वहीत गोळ्यांची तारीखवार नोंद असेल तर ती डॉक्टरांच्या लगेच लक्षात येते.

वाचताना ओळी एकमेकींत मिसळणे किंवा डोळे लवकर थकणे, हे दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र आणण्याची क्रिया मंदावल्यामुळे होऊ शकते. चष्म्याच्या नंबरच्या नेहमीच्या तपासणीत ते निसटते, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना अपघाताची कल्पना द्यावी.

मनाचा भागही इथेच येतो. अपघाताचे दृश्य वारंवार डोळ्यांसमोर येणे, हॉर्नच्या आवाजाने दचकणे, त्या रस्त्याने जाणे टाळणे, ही आघातोत्तर तणावाची लक्षणे आहेत आणि ती लक्ष न लागणे, झोप उडणे यांत मिसळून जातात. मानसोपचारतज्ज्ञाचे नाव काढले की रुग्णाला वाटते, आपला त्रास खोटा ठरवला जातो आहे. तसे नसते. मेंदूला मार बसला हे खरे, आणि त्यानंतर मनाने धसका घेतला हेही खरे. दोन्हींवर उपचार केल्यावरच माणूस उभा राहतो. जगण्यात अर्थ नाही, असे विचार रुग्ण बोलून दाखवू लागला तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

ज्येष्ठांसाठी वेगळी खबरदारी

वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे कवटी आणि मेंदू यांमध्ये जागा वाढते आणि तिथल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ धडपडीनेही त्यांतली एखादी फाटू शकते, आणि रक्त इतके संथ झिरपते की लक्षणे तीन-चार आठवड्यांनी, कधी आणखी उशिरा दिसतात. तोवर आजोबा न्हाणीघरात घसरले होते हे घर विसरून गेलेले असते. चालताना तोल जाऊ लागला, एक पाय ओढला जाऊ लागला, बोलण्यात संदर्भ चुकू लागले किंवा दिवसा झापड येऊ लागली, तर ते वयावर ढकलण्यापूर्वी गेल्या दोन-तीन महिन्यांत पडले होते का, याची आठवण काढावी आणि स्कॅन करून घ्यावा. साठलेले रक्त वेळेत काढले तर अनेक ज्येष्ठ पूर्ववत चालू-बोलू लागतात. पहिला स्कॅन नॉर्मल होता, ही गोष्ट या दुसऱ्या स्कॅनच्या आड येऊ देऊ नये.

कागदपत्रे

अपघाताच्या दिवशीचा केसपेपर, स्कॅनचे अहवाल आणि फिल्म किंवा सीडी, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या चिठ्ठ्या, कामावरच्या रजेची नोंद आणि लक्षणांची वही एकाच फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावावी. पुढचे डॉक्टर, विमा कंपनी आणि कामाचे ठिकाण या तिघांनाही तीच फाइल लागते. स्कॅन नॉर्मल असलेल्या इजेचा दुसरा पुरावा सहसा नसतोच, त्यामुळे डॉक्टरांकडे प्रत्येक खेपेला ‘चक्कर, विसराळूपणा, झोप नाही’ अशी सगळी लक्षणे सांगून ती कागदावर नोंदवून घ्यावीत. पहिल्या भेटीत केवळ गुडघ्याची जखम दाखवली आणि डोक्याचे काही सांगितलेच नाही, तर दोन महिन्यांनी त्या डोकेदुखीचा अपघाताशी संबंध दाखवणे अवघड जाते. घरी आल्यावर लक्षणे सुरू झाली असतील, तर त्याच आठवड्यात पुन्हा जाऊन ती लिहून घेतलेली बरी.